बिरड्याच्या सणाचं गाणं

सुरतेत तुम्ही ज्यू किती, असं कोणी विचारलं की मी सांगते, सगळ्यांना एका टेम्पोत बसवता येईल आणि वर कापडाचे चार तागे ठेवायलाही जागा उरेल. एवढ्या माणसांसाठी सिनेगॉग कोण बांधणार? मोठ्या सणाला अहमदाबाद नाहीतर ठाणं गाठायचं, एरवी आपापल्या घरी शुक्रवारचे दिवे लावायचे. पण माणसं टेम्पोत मावली तरी त्यांची मतं मावत नाहीत, हे मला रविवारची शाळा सुरू केल्यावर कळलं.

शाळा म्हणजे पर्वत पाटियाच्या आमच्या फ्लॅटचा हॉल. सोफा भिंतीला लावायचा, चटई अंथरायची, की झाली शाळा. मी नोकरीभर गोडादऱ्याच्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाले तशी आमच्या चार घरांनी परस्पर ठरवून टाकलं, की बाई रिकाम्याच आहेत, मुलांना थोडा आपला धर्म शिकवतील. मला विचारायला आले तेव्हा मुलांना घेऊनच आले होते. नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती.

मुलं घरी मराठी ऐकत, शाळेत गुजराती बोलत, भांडायला हिंदी वापरत आणि देवाचं सगळं हिब्रूत आहे म्हटल्यावर जांभया देत. अशा मुलांना शिकवायचं तर गाण्यातूनच, यावर सगळ्या पालकांचं एकमत झालं. कोणतं गाणं, यावर कुणाचंही कुणाशी जमेना.

बारडोलीहून एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन येत. ते तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांचं बालपण पनवेलला गेलेलं, त्यामुळे शब्बाथच्या, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वागताचं गाणं पनवेलच्याच चालीत हवं, दुसरी चाल म्हणजे भेसळ. दुसरे गृहस्थ मूळचे अहमदाबादचे, त्यांचे जुळे मुलगे. त्यांच्या मते कोकणातल्या लोकांनी प्रत्येक गाण्याचं भजन करून टाकलंय. एका रविवारी दोघांनी माझ्या हॉलमध्ये समोरासमोर उभं राहून एकच गाणं एकाच वेळी आपापल्या चालीत म्हणून दाखवलं. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो. मुलं तोवर दोन्ही चाली ऐकून तिसरीच शिकली होती.

जुळ्यांच्या आईचा तिसरा पक्ष. ती मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवायची. त्यात एक निळा उंट नाचत नाचत हिब्रू मुळाक्षरं म्हणायचा. मुलांना उंट फार आवडला. मुळाक्षरांतला तो घशातून खरवडून काढायचा ‘ख’ तर इतका आवडला, की दोघं जुळे जिन्यावरून उतरताना तोच म्हणत जायचे आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, पोरं थुंकतायत.

मी गणिताची बाई. मी म्हटलं, एवढी चर्चा कशाला, चाळणी लावू. जे गाणं मला स्वतःला म्हणता येत नाही ते बाद. माझा आवाज वर्ग गप्प करायला उत्तम आहे, पण गाण्यासाठी देवाने तो दिलेला नाही. या एका नियमात निम्मी गाणी गळाली. ज्याचा अर्थ मुलांना सांगताना माझीच भंबेरी उडते ते बाद. ज्यावर मुलं टाळ्या वाजवत गोल फिरायला लागतात तेही बाद, कारण सुरतेची मुलं एकदा गोल फिरायला लागली की त्यांना नवरात्र संपल्याचं सांगावं लागतं. शेवटी चाळणीत राहिला उंट. मला माझ्या चाळणीचा इतका राग आला की त्या दिवशी मी मुलांना अर्धा तास आधीच सोडून दिलं.

हे सगळं आई बघत होती. आई माझ्याकडे राहते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे संपावर, जीभ कामावर. बाल्कनीच्या दाराशी तिची वेताची खुर्ची. रविवारी ती वाल सोलत नाहीतर तूरडाळ निवडत बसते आणि शाळेची तपासणी करते. अलिबागजवळच्या एका गावात ती वाढली. तिथे सिनेगॉगला सगळे मशीदच म्हणत, ती अजून तसंच म्हणते. ‘आमच्या मशिदीत’ असं तिने सुरू केलं की शेजारच्या धुळ्याच्या वहिनी माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवते, की हो, बरोबर ऐकलंत.

उंटाचं गाणं ऐकून आई म्हणाली, “हे गाणं आहे का गं? ही तर कवायत.”

“मग तू सांग एखादं,” मी म्हटलं. जरा तडकूनच म्हटलं.

तिने हातातला वाल सुपात टाकला, पदराला हात पुसले आणि म्हणायला लागली.

ते गाणं मला माझ्या नावाइतकं ओळखीचं होतं. ती मला त्यावर झोपवायची. शब्द हिब्रू, पण तिच्या तोंडात राहून पुरते कोकणी झालेले. चाल खाली खाली उतरत जाते, मध्येच एका पायरीवर थांबते, पुन्हा उतरते. अर्थ मला माहीत नव्हता. आमच्याकडे प्रार्थना पाठ असाव्या लागतात, अर्थाबद्दल कोणी फार आग्रह धरत नाही. माझे वडील सरकारी नोकरीत, बदल्या सगळ्या खानदेशात, कधी धुळे, कधी भुसावळ. तिथे आमचं एकच घर असायचं. सिनेगॉग मी लग्न होईपर्यंत फक्त फोटोत पाहिलं. धर्म म्हणजे आई जे करील ते आणि गाणं म्हणजे आई जे म्हणेल ते.

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तो चालायला लागायच्या वयात तापाने गेला. त्यालाही ती हेच म्हणायची, एवढंच मला वडिलांकडून कळलं होतं. आई स्वतः त्याच्याबद्दल कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

चटईवरची मुलं तिच्या खुर्चीकडे सरकली होती. बारडोलीच्या मुलीने, जिची जीभ माझ्या आईच्या खालोखाल चालते, विचारलं, “आजी, फरीथी?” म्हणजे पुन्हा. आईने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मुलं बरोबर म्हणायला लागली आणि माझी चाळणी मी गुंडाळून ठेवली.

त्यानंतरचे रविवार आईचे. मी चटई घालायची, हजेरी घ्यायची आणि बाजूला व्हायचं. ती मुलांना थांबवायची, “अरे, धावता कुठे? गाडी सुटत्येय का?” असं रागवायची. स्वतः विणकाम करावं तशी ओळीला ओळ जोडून घ्यायची. सुरतेला आल्यापासून ती एवढी बोलली नव्हती. शनिवारी संध्याकाळपासूनच उद्या कुठलं लुगडं नेसू याची चौकशी सुरू व्हायची. जुळ्यांच्या आईने गाणं मोबाइलवर भरून घेतलं. तिचे दोन राक्षस रात्री ते ऐकताच झोपतात, असं तिने आम्हाला कळवलं, आणि उंटाचे व्हिडिओ यायचे बंद झाले. दोन्ही गृहस्थही खूश. चाल पनवेलची नव्हती आणि अहमदाबादचीही नव्हती, म्हणजे कोणीच हरलं नव्हतं.

हनुक्का, आमचा दिव्यांचा सण, आला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांनी जमायचं ठरलं. नऊ दिव्यांची दिवली, भजी, जिलबी आणि मुलांचं गाणं. अहमदाबादहून एका काकांना बोलावलं. ते तिथे प्रार्थना सांगतात, वयाने आईच्या जवळपासचे, मूळचे तिच्याच बाजूचे. त्यांना मधोमध खुर्ची दिली, शेजारी आईची वेताची खुर्ची.

दिवे लावून झाले. मुलं ओळीत उभी राहिली. जुळ्यांच्या भांगातून तेल ओघळत होतं. आईने मान हलवून खूण केली आणि त्यांनी सुरू केलं. इतकं गोड म्हटलं की मलाच माझी गंमत वाटली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते भज्यांच्या धुरावर ढकलत होते.

तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले. मला वाटलं, कौतुकाने उठले. ते उठले, दोन पावलं पुढे आले आणि गच्चीच्या लादीवर खाली बसले. मांडी घालून, मान खाली घालून.

मग आमच्या लोकांनी काय करावं? सगळ्यांना वाटलं, अशी पद्धतच असेल. बारडोलीचे गृहस्थ लगेच बसले. अहमदाबादचे मागे कसे राहतील, तेही बसले. माझे यजमान, ज्यांना बँकेतून निवृत्त झाल्यापासून खाली बसवायचं तर हात द्यावा लागतो, तेही कुणाच्या तरी खांद्याला धरून बसले. जुळ्यांच्या आईने नव्या साडीसकट बैठक मारली. बघता बघता अख्खा समाज जमिनीवर. खुर्चीवर फक्त आई, गुडघ्यांमुळे. ती डोळे मिटून मुलांबरोबर म्हणत होती.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. काकांना दोघांनी उठवलं. त्यांनी मला कठड्यापाशी बोलावलं.

“बाई, हे मुलांना कोणी शिकवलं?”

“का? चाल चुकली का?”

“चाल अगदी बरोबर आहे. म्हणून तर माझे पाय आपोआप वाकले.” ते जरा ओशाळून हसले. “अहो, हे बिरड्याच्या सणाचं आहे.”

बिरड्याचा सण मला चांगला माहीत होता. यरुशलेमचं मंदिर जळालं, त्या दुःखाचा दिवस. कडक उपास. तो सोडायला केळीच्या पानावर मोड आलेल्या वालांचं बिरडं. जगभरचे ज्यू त्या दिवशी रडतात. आम्ही कोकणातल्यांनी त्यालाही सण म्हणून टाकलं, कारण शेवटी जेवायला मिळतं. घरी आई उपास करायची, बिरडंही करायची. पण त्या रात्री सिनेगॉगमध्ये दिवे मंद करून, जमिनीवर बसून विलापाची गाणी म्हणतात आणि त्यातलंच हे एक, हे धुळ्या-भुसावळला वाढलेल्या मुलीला कोण सांगणार? मी हनुक्काच्या आनंदात मुलांकडून शोकगीत म्हणवून घेतलं होतं. लग्नाच्या पंगतीत तेराव्याचं जेवण वाढावं तसं.

इथपर्यंत मला हसूच येत होतं. पण काका हळू आवाजात पुढे म्हणाले, “आमच्या बाजूच्या बायका तर फार पाळायच्या. लेकराबाळांच्या घरात हे दुसऱ्या कुठल्या दिवशी तोंडातून काढायचं नाही म्हणायच्या. मी काही मानत नाही. पण मुलांना दुसरं शिकवा.”

मी आईकडे बघितलं. जुळे तिच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि ती त्यांना आपल्या ताटलीतली जिलबी भरवत होती. तिला हे कळलं तर? तिने हे गाणं म्हणून ज्याला झोपवलं, तो मुलगा गेला होता. ती एकदाच मनात सांगड घालील आणि मग या वयात, राहिलेल्या दिवसांत, ती गाठ मला सुटणार नाही. मी काकांना म्हटलं, “काका, गाणं बंद करते. पण आईला यातलं काही सांगू नका.” ते भले गृहस्थ. त्यांनी जाताना आईला वाकून नमस्कार केला आणि तिच्या शिकवण्याची तारीफ केली.

घरी मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “कुणाला काही कळलेलं नाही. उलट सगळे म्हणतायत, दरवर्षी असंच खाली बसू या.”

पुढच्या रविवारी मी उंट परत आणला. जुळे खूश झाले, बाकीची मुलं कुरकुरली. आई डाळ निवडत राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी मी सांगितलं, की आता मुळाक्षरं पक्की करायची आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी आईने डाळही मागितली नाही. भिंतीकडे तोंड करून आतल्या खोलीत पडून राहिली. कोणतं लुगडं, हेही विचारलं नव्हतं. धुळ्याच्या वहिनींनी जिन्यात गाठून विचारलं, “काय वं ताई, ते गानं बंद का करं? आमना घरना त्यावरच झोपेत.” त्यांचे यजमान लूमवर रात्रपाळी करतात, रविवारी सकाळी झोपतात. मी मुलांच्या परीक्षेचं काहीतरी पुटपुटले आणि सटकले.

मी खोटं बोलण्यात कच्ची आहे. वर्गात कॉपी पकडायची सवय, स्वतः करायची नाही. त्याच दिवशी मुलं यायच्या आधी मी खोबरं किसत होते, तर आई भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसली.

“गाणं का बंद केलंस?”

“मुलं कंटाळली गं.”

“मुलं नाही कंटाळली.” तिने माझ्या हातातली किसणी काढून घेतली. “त्या म्हाताऱ्याने सांगितलं ना तुला? तो खाली बसला तेव्हाच मी ओळखलं. मेला चांगला शिकलाय.”

“तुला माहीत होतं? कशाचं गाणं ते?”

“माझ्या गावातली मशीद, आणि मला माहीत नसणार?” ती खोबरं किसायला लागली. “त्या रात्री आम्हा पोरांना घेऊनच जायच्या बायका. दिवे बारीक केलेले, सगळे खाली बसलेले, उपास धरलेले. आईच्या मांडीवर डोकं टाकायचं आणि ते ऐकता ऐकता झोपायचं. आमच्या गावातली निम्मी पोरं त्या चालीवर झोपायला शिकली. दुसरी कुठली गाणी आमच्यापर्यंत यायची? ती पुरुषांची. ही एक आमच्या वाट्याला आली.”

“पण बायका म्हणायच्या ना, की घरात...”

“म्हणायच्या.” किसणी थांबली. “तो गेला तेव्हा दुखवट्याला सात दिवस बसलो होतो, तर माझ्या मोठ्या नणंदेने सगळ्यांसमोर मला विचारलं, काय म्हणत होतीस त्याच्या पाळण्यापाशी? मी सांगितलं. मग कोणी काही बोललं नाही.”

म्हणजे जे तिच्यापासून लपवायला मी दोन रविवार उंट नाचवला, ते तिला माझ्या जन्माच्या आधीच ऐकवून झालं होतं. मला त्या आत्याचा असा संताप आला, की ती हयात असती तर मी तिला पायरीवरून परत पाठवली असती. आई मात्र वाटीत खोबरं नीट दाबून भरत होती.

“मुलांना सांग ते कशाचं आहे,” ती म्हणाली. “न सांगता शिकवलं ही माझी घाई झाली. सांग, आणि मग म्हणायचं की नाही ते त्यांना विचार.”

मुलं आली. मी त्यांना चटईवर बसवून सगळं सांगितलं: मंदिर, आग, उपास, बारीक केलेले दिवे, मांडीवर झोपलेली मुलं. त्यांनी कधी नव्हे ते शांतपणे ऐकलं. बारडोलीच्या मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “टीचर, बधा रडता हता तो पण छोकरा सुई गया ने?” सगळे रडत होते, तरी मुलं झोपलीच ना? मी म्हटलं, हो, झोपली. “तो वांधो नहीं,” ती म्हणाली, आणि काही हरकत नसल्याचं असं जाहीर झाल्यावर तिने आजीला हाक मारली. आई आतून लुगडं बदलून आली. काकांना मी फोनवर कळवलं, तेव्हा ते म्हणाले, निदान हनुक्काला नको. तेवढं मी कबूल केलं.

दुपारी जेवणं झाल्यावर आई खुर्चीत बसली होती. यजमान पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. मी तिच्या पायाशी बसून तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते. सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, ती मी विचारली.

“मग माझ्या वेळेला परत कसं म्हटलंस गं?”

“म्हणत नव्हतेच. तू झालीस तर मी तोंड शिवून घेतलं होतं. नुसती थोपटायची. तू काही झोपायची नाहीस, सारखी किंचाळायचीस. तुझा आवाज तेव्हापासूनच तसला.” ती हसली. “एका दुपारी तुझे वडील दौऱ्यावर गेलेले, घरात मी एकटी. रडून रडून तू निळी पडलीस. मला काही सुचेना. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, आणि म्हटलं एकदाचं. तू लगेच झोपलीस.”

मी तेल लावायची थांबले.

“मग तुझ्या नाकाशी बोट धरून बसले. श्वास येतो का बघत. बोट काढायची हिंमत होईना. उन्हं उतरली, दूधवाला हाका मारून गेला, मी जागची हलले नाही.”

“आणि मग?”

“मग काय?” आई म्हणाली. “मग तू उठलीस. भूक लागली होती तुला.”